मादीकडे नको, पिल्लांच्या पोटाकडे बघा

पत्र : नमस्कार डॉक्टर, मी कवठेमहांकाळ तालुक्यातून लिहिते. दिवाळीत मुलाच्या हट्टापायी बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी आणली. विकणाऱ्याने दोघं तीन महिन्यांचे म्हणून सांगितले होते. २ फेब्रुवारीला सकाळी बघते तर पिंजऱ्याच्या जाळीवर सहा पिल्लं पसरलेली. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. मादी गाभण आहे हे आम्हाला कळलंच नव्हतं. ती एका कोपऱ्यात बसून होती, पिल्लांना जवळ घेईना. दोन गार पडली होती, त्यातल्या एकाचा पाय खाल्लेला होता. उरलेल्यांना कापसात ठेवून ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी गेली. सासूबाई म्हणतात, मी हात लावला म्हणून मादीने पिल्लं टाकली. नर १० तारखेला वेगळा केला. पुढच्या वेळी काय करू? मुलगा विचारतो, पिल्लं हातात कधी घ्यायची? आणि मालकांच्या डोक्यात आता दहा माद्यांचं युनिट आहे. ‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ असं एक माणूस सांगून गेलाय.

उत्तर : ताई, सासूबाईंच्या म्हणण्याकडे मी येतो. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यात घाईचं काम दडलंय : नर १० तारखेला वेगळा केला. म्हणजे मादी व्याली त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस नर तिच्याजवळच होता.

सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज नसतो. नर लागला की त्यानंतर साधारण दहा तासांनी तिची बीजं सुटतात, आणि व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. तुमच्या मादीला तर पाजायला पिल्लंही उरली नव्हती. तेव्हा ती आत्ता गाभण आहे असंच धरून चाला.

गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा. २ फेब्रुवारीलाच नर लागला असेल तर ४ ते ६ मार्चला ती विणार. शेवटच्या दिवशी, १० तारखेला लागला असेल तर १२ ते १४ मार्च. तुम्हाला ही सगळी मुदत सांभाळावी लागेल. नेमकी तारीख ठाऊक नसली की एवढी किंमत मोजावी लागतेच. बारा ते चौदा दिवस झाले की जाणकार पशुवैद्य पोटावरून हात फिरवून सांगू शकतात. द्राक्षाएवढ्या गाठी हाताला लागतात. तुम्ही स्वतः मात्र चाचपू नका. पहिल्यांदा बघणाऱ्याला लेंडी आणि गर्भ यातला फरक कळत नाही, आणि जोरात दाब पडला तर गर्भ जातो.

आणखी एक. नर लागूनही गर्भ राहिला नाही, तर मादी कधी कधी खोटी गाभण राहते. मग सोळा-अठरा दिवसांनीच पोटाचे केस उपटून घरटं करायला लागते. फेब्रुवारीच्या शेवटी तसं काही दिसलं तर गोंधळू नका. तयारी करायची ती करा. १४ मार्च उलटला आणि काहीच झालं नाही, तर ते खोटंच होतं म्हणायचं.

आता २ फेब्रुवारीला काय झालं ते. तुमची पिल्लं मला दिसतं त्याप्रमाणे आधी गारठली आणि मग गेली. भूक फार नंतरची गोष्ट. जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर केस नसतात आणि स्वतःचं अंग गरम ठेवण्याची ताकद त्याला पहिला आठवडाभर तरी नीट नसते. भावंडांच्या ढिगात, केसांच्या थरात, तिशीच्या वरच्या उबेत ते जगतं. फेब्रुवारीतल्या पहाटे उघड्या लोखंडी जाळीवर एकेकटं पडलेलं पिल्लू दोन-चार तासही काढत नाही. आणि मांजर जसं पिल्लू मानेला धरून परत आणते, तसं सशाची मादी करत नाही. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू तिच्या लेखी संपलेलंच असतं. त्यात निर्दयपणा काही नाही. तिची मूळ जात स्पेन-पोर्तुगालकडच्या रानात जमिनीत बीळ करून राहणारी. बिळाच्या तळाशी पिल्लं पडून पडून जाणार कुठे? उचलून आणण्याची वेळच तिथे येत नाही.

मग बीळ कुठे होतं? तुमच्या पिंजऱ्यात नव्हतं. बहुतेक गोष्ट तिथेच बिघडली.

खाल्लेल्या पायाबद्दल मात्र मादीवर लगेच आळ घेऊ नका. पहिलटकरीण मादी वार खाताना, पिल्लू चाटताना घाबरून चावते, हे होतं. पाणी संपलेलं असेल, कुत्रं भुंकत असेल, पोरं वाकून बघत असतील तर जास्तच होतं. पण जाळीतून पिल्लाचा पाय खाली लोंबला आणि खालून उंदराने तोडला, असंही बऱ्याचदा असतं. पिंजऱ्याखाली उंदराच्या लेंड्या दिसतात का ते बघून घ्या.

आता बिळाच्या जागी मादीला विण्यासाठी द्यायची पेटी. लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची ३० एवढी लाकडाची किंवा प्लायची पेटी तुमच्या मादीला पुरे. मादीने आत वळावं, पण ऐसपैस लोळू नये, एवढीच जागा हवी. मोठ्या पेटीत पिल्लं विखुरतात. पुढची बाजू १५ सेंटिमीटर उंच ठेवा. मादी पाजून बाहेर उडी मारते तेव्हा एखादं पिल्लू सडाला लटकून राहतं, ते या काठाला अडकून आतच पडतं. तळाला मूत निघून जायला चार-सहा भोकं पाडा. तुमच्याकडे सध्या द्राक्षाचा हंगाम, पुठ्ठ्याच्या पेट्या ढिगाने मिळतील, त्यातली घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. दोन दिवसांत ओली होऊन बसते आणि मादी कुरतडून टाकते. आंब्याची जुनी लाकडी पेटी चालेल, खिळे आत आले नाहीत ना ते हात फिरवून बघा.

तळाला सुताराकडचा रंध्याचा भुस्सा दोन-तीन बोटं जाड घाला. करवतीचा बारीक भुसा नको, तो नाकात जातो. त्यावर वाळलेलं मऊ गवत किंवा भाताचा पेंढा भरपूर घाला आणि मधोमध मुठीने खळगा करा. कापूस आणि जुन्या साडीच्या चिंध्या अजिबात नकोत. धागे पिल्लांच्या पायाला, मानेला गुंडाळतात आणि पाय काळा पडेपर्यंत कळत नाही.

पेटी २ मार्चला पिंजऱ्यात ठेवा. फार आधी ठेवली तर मादी तिचा संडास करते. तुमच्या मुदतीचा शेवट १४ तारखेचा असल्याने तसं होईलही. रोज एकदा बघा, घाण झाली असेल तर गवत बदला. ती तोंडात गवत धरून फिरायला लागली, पोटाचे आणि गळ्याखालचे केस उपटायला लागली, की एक-दोन दिवस किंवा काही तासच राहिले असं समजा. या केसांनीच पिल्लं झाकली जातात आणि सडही मोकळे होतात. एखादी पहिलटकरीण केस उपटायचं विसरते. मग पिल्लं झाल्यावर तिला मांडीवर घेऊन पोटाचे थोडे केस आपणच अलगद ओढायचे. त्या दिवसांत ते सैल झालेले असतात, सहज हातात येतात.

पिंजऱ्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्यांसाठी. हे वाचून किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे नवजात पिल्लांच्या पेटीत लाल मुंग्या शिरल्या की सकाळी बघवत नाही. मांजर आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून पिंजरा भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

नर दुसऱ्या पिंजऱ्यातच राहू द्या. तो पिल्लांना मारतोच असं नाही, पण ताज्या व्यालेल्या मादीवर पुन्हा चढतो आणि त्या धावपळीत पिल्लं तुडवली जातात. पुढे कधी जोडी लावायची झाली तर मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीकडे नाही. ती आपल्या जागेत परका नर खपवून घेत नाही, बोचकारते. काम दोन मिनिटांचं असतं. नर एकदम बाजूला कोसळतो, कधी चिरकतोही. तो मेला म्हणून घाबरू नका. लगेच तारीख लिहा आणि मादी परत आणा.

मादी बहुतेक रात्री किंवा पहाटे विते आणि अर्ध्या तासात मोकळी होते. तुम्हाला कळायचंही नाही. सकाळी पेटीत केसांचा ढीग हलताना दिसेल. तेव्हा मादीला बाहेर काढून थोडा ताजा चारा टाका. ती खाण्यात गुंतली की पेटी बाजूला घ्या आणि केस बाजूला करून पिल्लं मोजा. मेलेलं पिल्लू, उरलेली वार, रक्ताने भिजलेलं गवत काढून टाका. बाकीच्यांवर केस पुन्हा पांघरा आणि पेटी होती तिथेच ठेवा.

हो, हात लावायचाच. सासूबाईंचं अर्ध खरं आहे : वासाला या जनावरात फार किंमत आहे. पण पाळलेली मादी माणसाच्या हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाही. तिला तुमचा वास रोजच ओळखीचा असतो. गडबड होते ती फिनेल, डेटॉल, अत्तर, साबणाच्या उग्र वासाने, किंवा मांजराला गोंजारून त्याच हाताने पेटीत हात घातला तर. आणि पिल्लांना तर वासाशिवाय दुसरं काही नाहीच. डोळे मिटलेले, कान बंद. सड शोधतात ते दुधाच्याच गंधाने. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली मादीच्या दुधातला तो नेमका गंधद्रव्याचा रेणू शोधून काढला. त्याच्या वासावर पिल्लं डोकं हलवत तोंड उघडतात. तेव्हा हात साध्या पाण्याने धुवा, मादीच्या अंगावरून फिरवा, पेटीतलं थोडं गवत हातावर चोळा आणि मग खुशाल पिल्लं बघा. रोज एकदा बघणं हे तुमचं कामच आहे. सासूबाईंनाही शेजारी बोलवा. वेत उभं राहिलं की वाद आपोआप मिटेल.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली ओळ : ‘पिल्लांना जवळ घेईना’. ती घेतच नसते, ताई. सशाची मादी पिल्लांवर बसत नाही, त्यांच्याजवळ झोपत नाही, चाटत-गोंजारत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक रात्री किंवा पहाटे ती पेटीत उडी मारते. पिल्लांवर उभी राहते, तीन-चार मिनिटं पाजते आणि बाहेर. उरलेला सगळा दिवस ती पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. रानात सारखी ये-जा केली तर कोल्ह्याला बीळ दाखवल्यासारखं होईल, म्हणून तिची ही रीत. नव्या पाळणाऱ्यांची निम्मी पत्रं याच एका गैरसमजातून येतात. मादी पाजत नाही, असं लिहितात आणि सोबत टम्म पोटाच्या पिल्लांचा फोटो पाठवतात!

म्हणून मादीकडे बघू नका, पिल्लांच्या पोटाकडे बघा. पाजलेल्या पिल्लाचं पोट गोल, ताणलेलं असतं आणि पातळ कातडीतून आत पांढरं दूध दिसतं. उपाशी पिल्लाचं पोट खपाटीला गेलेलं असतं, कातडीला सुरकुत्या पडतात आणि हात लागताच ते उसळ्या मारतं. सकाळी एकदा पोटं बघितली की त्या दिवसापुरती चिंता नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा असेल तर वजनही करा. अशा मध्यम जातीचं पिल्लू जन्मतः ४० ते ६० ग्रॅमचं असतं आणि आठवड्याभरात दुप्पट व्हायला हवं.

सगळीच पोटं रिकामी दिसली तर एक दिवस वाट बघा. पहिलटकरणीला कधी दूध उतरायला चोवीस तास लागतात, आणि उबेत असलेलं पिल्लू तेवढं निभावतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तर मादीला उचलून पेटीत पिल्लांवर ठेवा आणि पाठीवर हात ठेवून पाच मिनिटं शांत धरा. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक माद्या शिकतात. सड मात्र तपासा. एखादा कडक, गरम, लालसर लागला तर ती दुखतंय म्हणून पाजत नाही. तेव्हा पशुवैद्यांना बोलवायला उशीर करू नका.

आणि गाईचं दूध. सशाच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश प्रत्येकी साधारण १२ टक्के किंवा त्याहूनही जास्त असतात. गाईच्या दुधात दोन्ही ३-४ टक्क्यांच्या आसपास. दिवसातून एकदाच पिऊन पिल्लू चोवीस तास कसं काढतं, ते यावरून ध्यानात येईल. गाईचं दूध पाण्यासारखं पातळ, वर साखर जास्त, पोट बिघडतं. त्याहून धोका ड्रॉपरचा. एक थेंब श्वासनलिकेत गेला की फुप्फुसात पाणी झाल्यासारखं होऊन पिल्लू जातं. तुमच्या ओळखीत कुणाकडे त्याच दोन-तीन दिवसांत व्यालेली दुसरी मादी असेल, तर तिच्या पेटीत पिल्लं सरकवणं हा सर्वांत चांगला मार्ग. थोडे केस अंगावर चोळले की ती सहज स्वीकारते. मादीला साधारण आठ सड, तेव्हा आठाच्या वर पिल्लं झाली तरी हाच उपाय.

मादीच मेली आणि दुसरी कुठेच नाही, अशी वेळ आली तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर, ती नाहीच मिळाली तर शेळीचं दूध. सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने, पिल्लू पालथं धरून, थेंब थेंब. उताणं कधीच नाही. नवजात पिल्लाला दिवसभरात मिळून ५ मिलीच्या आसपास पुरतं, दोन वेळेत विभागून. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसायचं, म्हणजे ते मूत सोडतं. हे सगळं नीट केलं तरी वाचणारी पिल्लं थोडीच, हे मी लपवत नाही.

गार पडलेलं पिल्लू मात्र लगेच मेलं असं ठरवू नका. हालचाल नाही, निळसर दिसतंय, तरी आधी ऊब द्या. दोन्ही तळव्यांत धरा, छातीशी कापडात ठेवा, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. अंग गरम झाल्याशिवाय तोंडात दुधाचा थेंबही घालू नका. गारठलेलं पोट दूध पचवत नाही आणि पिल्लाला गिळताही येत नाही. तुमच्या त्या चौघांच्या बाबतीत क्रम उलटा झाला, एवढंच. कुणी सांगितलंच नव्हतं तर कळणार कुठून?

मार्चमध्ये तुमच्या भागात रात्री गारवा आणि दुपारी पस्तिशी, ही नवी अडचण आहे. रात्री केस जाड पांघरलेले हवेत. दुपारी पिल्लं एकमेकांपासून लांब, हातपाय पसरून, लालसर होऊन पडलेली दिसली तर ती उकडताहेत. तेव्हा वरचे केस काढून एका पिशवीत ठेवा आणि संध्याकाळी परत घाला. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाका, पण त्याचं पाणी पेटीत ठिबकू देऊ नका.

मादीच्या खाण्याचं थोडक्यात सांगतो. पाणी चोवीस तास, थंड आणि स्वच्छ. पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते आणि पाणी संपलं की दूध आटतं. सशांचं गोळी खाद्य मिळत असेल तर पाजत्या काळात भांडं रिकामं ठेवू नका, आणि वाळलेलं गवत तर कायमच पुढ्यात हवं. लसूणघास, दशरथ घास द्या, पण तोडून तासभर सुकवून. गाईचं सुग्रास घालू नका, त्यात कधी युरिया असतो. आणि द्राक्षबागेतला पाला, बागेतलं तण कितीही हिरवंगार दिसलं तरी नाही म्हणजे नाही. बागांवर औषधं किती वेळा मारली जातात ते मी तुम्हाला काय सांगायचं! मादी पहाटे पोटाखाली तोंड घालून काहीतरी खाताना दिसेल. ती तिची मऊ लेंडी असते, ती तिने खाल्लीच पाहिजे, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लांवर मखमलीसारखी लव येईल. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतील. एखाद्याचे बाराव्या दिवसानंतरही चिकटलेले राहिले तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसा, बळजबरीने उघडू नका. पंधरा-अठरा दिवसांची झाली की ती पेटीबाहेर येतात आणि आईच्या ताटलीत तोंड घालायला लागतात. तीन आठवड्यांनी पेटी काढून टाका, उन्हाळ्यात तर थोडी आधीच. याच वेळेपासून मुलाला पिल्लं हातात घेऊ द्या. जमिनीवर मांडी घालून बसवायचं आणि पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवायचं. उभ्याने नाही. पिल्लू अचानक झटका मारतं, उंचावरून पडलं तर पाठीचा कणा मोडतो. कान धरून उचलणं तर कधीच नाही.

दूध तोडायची घाई करू नका. धंदेवाले २८ ते ३५ दिवसांत तोडतात, घरच्या पिल्लांना सहा आठवडे राहू द्या. खरी दुसरी परीक्षा इथेच असते. दूध तुटलं की चौथ्या ते आठव्या आठवड्यात हगवण लागून पिल्लं जातात, बऱ्याचदा कॉक्सिडियाच्या जंतूंमुळे. त्यावर उपाय म्हणजे कोरडी जाळी, लेंड्यांपासून दूर टांगलेला चारा, आणि खाणं एकदम न बदलणं. पातळ लेंडी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर. पण औषधाच्या दुकानातून माणसाचं अमॉक्सिसिलिन आणून तोंडाने पाजू नका. सशाच्या आतड्यातले चांगले जंतू त्याने मरतात आणि जनावर दगावतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल त्यांच्या अंगावर मारणं तितकंच घातक. खरजेची इंजेक्शनंसुद्धा वजन करूनच घ्यायची. दहा-बारा आठवड्यांच्या आत नर-माद्या वेगळ्या करा, नाहीतर पुढचं पत्र तुम्ही नातवंडांबद्दल लिहाल.

या वेतानंतर पावसाळ्यापर्यंत नर दाखवू नका. तिशीच्या वर तापमान राहिलं की नराचं वीर्य पुढचे काही आठवडे निकामी होतं आणि गाभण मादी उन्हात दगावूही शकते. सलग दोन वेतांनी मादीही खचलेली असेल. तोवर एक चौकशी करून ठेवा : ही जोडी एकाच पिंजऱ्यातून आणली होती का? आणली असेल तर ते बहुधा भाऊ-बहीण आहेत. पुढच्या खेपेला नर बाहेरून बघा.

राहिलं मालकांचं युनिट. दहा माद्या म्हणजे एका खेपेच्या वेतात साठ-सत्तर पिल्लं, आणि तुमच्या घरात अजून एक वेत जगलेलं नाही. ‘पिल्लं परत घेऊ’ म्हणणाऱ्या माणसाला विचारा : आमच्या भागात गेल्या वर्षी कुणाकडून घेतली, किती पैसे दिले, त्यांचा नंबर द्या. आणि पिल्लं पुढे कुणाला विकता तेही विचारा. जोडीची किंमत आधी घेऊन खरेदीचं वचन नंतरवर ठेवणारी कुठलीही योजना मला पसंत नाही, मग करारावर कितीही शिक्के असोत. एकच मादी सांभाळून दोन वेतं नीट वाढवा, खर्च वहीत लिहा. मग मालकांना घेऊन जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बोला. सशांवर सरकारी काम करणारी मोठी संस्था राजस्थानात अविकानगरला आहे. मांसाची आणि लोकरीची कुठली जात कुठल्या हवामानात टिकते, याची माहिती तिथल्या प्रकाशनांत मिळते.

आणि हो, ऊसतोडीच्या वेळी फडात रानसशाची पिल्लं सापडतात, ती मुलाने घरी आणू नयेत. त्यांना जन्मतः केस असतात, डोळे उघडे असतात, आणि आई जवळपासच असते. ती वन्यजीव आहेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडायला आणि पाळायला बंदी आहे.

सुताराला पेटीचं माप आजच द्या. पशुवैद्यांचा फोन नंबर २ मार्चच्या आत घेऊन ठेवा, आणि ते सशांवर उपचार करतात का एवढं आधीच विचारा. तालुक्याच्या ठिकाणी सगळेच करतात असं नाही.